बांगडा, शिळं कालवण आणि अंगावर उठणाऱ्या गांधी

पत्र : मी 38 वर्षांची, ठाण्यात राहते, माहेर रत्नागिरीचं. दोन वर्षांपासून जेवल्यावर कधी अंगावर पित्ताच्या गांधी उठतात, चेहरा तापून लाल होतो, नाक गळतं, डोकं ठणकतं. कधी बांगड्यानंतर, कधी डोशानंतर, कधी कारणच दिसत नाही. तसाच बांगडा महिन्यापूर्वी काही न होता पचलेला असतो. एकदा माहेरी जेवल्यावर मला आणि भावाला दोघांनाही अर्ध्या तासात हाच त्रास झाला. पाठदुखीसाठी अधूनमधून दुखण्याची गोळी घ्यावी लागते. सेट्रिझिन या ॲलर्जीच्या गोळीने बरं वाटतं, पण सवय लागेल म्हणून टाळते. दोनशे पदार्थांची रक्ततपासणी केली, त्यात गहू, दूध, मूग, तांदूळसुद्धा ‘लाल’ आले. ते बंद केल्यापासून वजन सहा किलो उतरलं. सासूबाई आमसुलाचं पाणी लावायला सांगतात, मैत्रीण गुळवेलीचा काढा आणि ॲपल सायडर व्हिनेगर घ्यायला सांगते. हे सगळं ॲलर्जीत शरीरात सुटणाऱ्या हिस्टामीन या रसायनामुळे होतं असं वाचलं. नैसर्गिक उपायांनी आणि खाण्यापिण्याने आटोक्यात येईल का?

उत्तर :

ताई, आधी रक्ततपासणीचं ते लाल-हिरवं पान कपाटात ठेवून द्या आणि उद्यापासून पोळी, भात, मूगडाळ, दूध पुन्हा सुरू करा. यांतलं काही खाल्ल्याबरोबर ओठ सुजले, घसा आवळला असं तुम्ही लिहिलेलं नाही. तसं कधी झालं असेल तर तेवढा एक पदार्थ सोडा. अशा मोठ्या यादीच्या तपासण्यांमध्ये बहुतेक वेळा आयजीजी नावाची प्रतिद्रव्यं मोजतात. तो पदार्थ तुम्ही नेहमी खाता, एवढंच ती सांगतात. रोज भात खाणाऱ्या कोकणातल्या माणसाला तांदूळ ‘लाल’ येणारच. ॲलर्जीसाठी मोजतात ती आयजीई नावाची वेगळी प्रतिद्रव्यं, आणि तीही संशय असलेल्या चारदोन पदार्थांचीच. तुमच्या पत्रातली सगळ्यात काळजीची गोष्ट मला गांधींपेक्षा ते उतरलेलं वजन वाटते. नीट जेवूनही महिनाभरात वजन उतरणं थांबलं नाही, तर थायरॉइड आणि साखर तपासून घ्या.

आता जपून राहण्याची गोष्ट. कोळंबी, चिंबोरी, शेंगदाणे, अंडं किंवा दुसरं काहीही खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांत ओठ-जीभ सुजली, आवाज बसला, धाप लागली, उलट्या होऊन भोवळ आली, तर ती खरी ॲलर्जी समजायची. तिथे आमसूल किंवा सेट्रिझिन यांवर वेळ घालवायचा नाही. आडवं व्हायचं, पाय उशीवर उंच ठेवायचे, 108 ला फोन करायचा. धाप जास्त असेल तर टेकून बसायचं, पण उठून चालायचं नाही. या झटक्यावर पहिलं औषध ॲड्रेनालिन, तेही मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत. असा झटका एकदा येऊन गेलेला असेल तर ते इंजेक्शन घरी ठेवायचं का आणि कसं द्यायचं, हे ॲलर्जीतज्ज्ञांकडून शिकून घ्या. आणि तो पदार्थ ‘बघू या होतंय का’ म्हणून घरी कधीही चाखू नका.

तुमचं पत्र वाचताना मला तीन वेगवेगळ्या गोष्टी एकात गुंतलेल्या दिसतात.

पहिली, माहेरचं ते जेवण. एकाच ताटातल्या माशाने दोघांना एकाच वेळी तोच त्रास झाला, तर दोष तुमच्या शरीराचा नसून माशाचा असण्याची शक्यता जास्त. बांगडा, सुरमई, कुपा, तारली, पेडवे या माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचा प्रथिनांचा घटक भरपूर असतो. मासा पाण्याबाहेर आल्यावर उन्हात पडून राहिला की त्याच्या कल्ल्यांतले आणि आतड्यांतले जिवाणू या हिस्टिडीनचं हिस्टामीन करतात. ताज्या माशात किलोमागे जेमतेम काही मिलिग्रॅम असणारं हे द्रव्य काही तासांच्या हेळसांडीने शेकड्यांवर जातं. अन्नाच्या आंतरराष्ट्रीय मानकांत किलोमागे 200 मिलिग्रॅम ही मर्यादा धरली आहे. यातला वाईट भाग असा की असा मासा दिसायला आणि वासालाही ठीक असू शकतो, आणि एकदा तयार झालेलं हिस्टामीन उकळून, तळून, बर्फात ठेवून किंवा तिरफळं-आमसूल घालून जात नाही. एकाच टोपलीतले दोन बांगडेसुद्धा सारखे नसतात. महिन्यापूर्वीचा बांगडा पचला आणि कालचा बाधला, याचं उत्तर बऱ्याचदा इथेच असतं. मासा खाताना जिभेला मिरी चावल्यासारखी चुणचुण लागली तर घास थुंकून टाका आणि घरातल्या सगळ्यांना थांबवा.

मग बांगडा सोडायचा का? माझ्या मते नाही, पण घ्यायची पद्धत बदला. कोळणीला सरळ विचारा, आजचा आहे की बर्फाचा. मासेमारी बंदीच्या महिन्यांत बाजारात लांबून आलेला बर्फाचा मासा जास्त असतो, त्या काळात बांगड्याऐवजी पापलेट किंवा लेपा घ्या. पांढऱ्या मांसाच्या बहुतेक माशांत हिस्टिडीन कमी. बांगडा घेताना कल्ले लालभडक, डोळे फुगीर-चकचकीत आणि अंग दाबल्यावर खड्डा न पडणारं हवं. घेतानाच कल्ले आणि पोटातली घाण काढून घ्या. जितका मासा तितकाच बर्फ असा डबा बरोबर न्या. ठाण्याच्या उन्हात प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला मासा रिक्षात अर्धा तास बसला की बाजारातल्या बर्फाचा काही उपयोग राहत नाही. घरी आल्यावर मीठ-हळद-आमसूल लावून ओट्यावर दोन तास ठेवायची सवय असेल तर ती मोडा. लावलेलं ताट फ्रीजमध्ये अर्धा तास पुरे. फ्रीझरमधला मासा आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात काढा, ओट्यावर सोडू नका. आणि बांगड्याचं तिखलं दुसऱ्या दिवशी जास्त मुरतं, जास्त चवदार लागतं हे खरं असलं, तरी तुम्हाला सध्या ते त्याच जेवणात संपवायचं आहे. सुका बांगडा आणि इतर सुकी मासळीही तूर्त बंद.

दुसरी गोष्ट पाठीच्या गोळीची. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन या गोळ्या काहींच्या अंगावर पित्त उठवतात आणि आधीच उठत असेल तर वाढवतात. ‘कधी काहीच कारण दिसत नाही’ असं तुम्ही लिहिता, त्या दिवसांवर बोट ठेवून आठवून बघा : आदल्या दिवसात गोळी घेतली होती का? घेतली असेल तर मासा आणि डोसा उगाच बदनाम झालेत. पाठीसाठी पॅरासिटामॉल चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. हृदयासाठी कोणी ॲस्पिरिन लिहून दिली असेल तर ती मात्र मनाने थांबवायची नाही.

तिसरी गोष्ट, ज्याला हिस्टामीन न सोसणं म्हणतात ती. अन्नातलं हिस्टामीन मोडणारं डीएओ हे एन्झाइम लहान आतड्याच्या अस्तरात असतं. ते कमी पडलं की आंबवलेलं, मुरवलेलं, शिळं अन्न पेलत नाही, आणि त्यातही एकाच दिवशी बरंच काही जमा झालं की त्रास दिसतो. बिअर-वाइनमध्ये हिस्टामीनही असतं आणि दारू ते एन्झाइमही दाबते, म्हणून तो दुहेरी मार. काही औषधंही त्याला अडवतात : क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड घातलेली अँटिबायोटिक, क्षयरोगावरची आयसोनियाझिड, रक्तदाबाची वेरापामिल. यांतलं काही चालू असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाला. या त्रासासाठी एकच एक खात्रीची तपासणी नाही. रक्तातलं डीएओ मोजून निकाल लागत नाही, त्यावर पैसे घालू नका. निकाल लागतो तो ताटातून, आणि त्यासाठी दोन आठवडे लागतात.

तर ते दोन आठवडे. चौदा दिवस सगळं त्याच वेळी शिजवलेलं खायचं. उरलेलं खायचंच असेल तर शिजल्यावर तासाभरात लहान डब्यांत फ्रीझरमध्ये टाकायचं, खाताना थेट गरम करायचं. नुसतं फ्रीजमध्ये दोन दिवस ठेवलेलं नको. बंद काय : मासे, सुकी मासळी, इडली-डोसा-ढोकळा-आंबोळी, दही-ताक, मुरलेली लोणची, व्हिनेगर, सोया सॉस (म्हणजे गाडीवरचं चायनीज आलं), चीज, सलामी-सॉसेज, दारू, टोमॅटो, वांगं, पालक. एवढंच. स्ट्रॉबेरी, संत्रं, पपई, चॉकलेट, अंड्याचा पांढरा भाग यांनीही शरीरातलं हिस्टामीन सुटतं असं लिहिलेल्या लांबलचक याद्या तुम्हाला मिळतील. त्या दाव्यांना आधार फार तोकडा आहे. त्या याद्या पाळायला गेलात तर ताटात काही उरायचं नाही, आणि वजन आधीच उतरलेलं आहे.

ताटात काय : डोशाच्या जागी घावन. तांदळाचं पीठ, पाणी, मीठ, आंबवणं नाही, वर ओलं खोबरं-गूळ किंवा बटाट्याची भाजी. पोहे, उपमा, मूगडाळीची खिचडी आणि तूप. दुधी, पडवळ, दोडका, भेंडी, कोबी, गाजर, लाल भोपळा. आमटीला टोमॅटोऐवजी कोकम किंवा कैरी. कोकम आंबवत नाहीत, वाळवतात, म्हणून सोलकढीही चालते, मात्र नारळाचं दूध त्याच दिवशी काढलेलं हवं. दूध, घरी फाडलेलं ताजं पनीर, अंडी, आणि समोर कापून घेतलेली, त्याच दिवशी शिजवलेली कोंबडी. डाळ दोन वेळा हवीच, नाहीतर प्रथिनं कमी पडतील. फळांत सफरचंद, पेरू, केळं.

या काळात गोळ्यांची पद्धत बदलू नका. सेट्रिझिन जशी घेत होतात तशीच घ्या आणि वहीत लिहा. आहारही बदलला, गोळीही बदलली, तर नेमका कशाने फरक पडला हे कळायला मार्ग नाही. वहीत खाल्ल्याची वेळ, शिजवल्याची वेळ, त्रासाची वेळ, कोणतीही गोळी, पाळीचा दिवस आणि व्यायाम, एवढे रकाने पुरे. त्रासाच्या वेळी गांधींचा फोटो काढा, डॉक्टरांकडे पोचेपर्यंत त्या मावळतात. एका गांधीभोवती पेनाने रेघ ओढून ठेवा. साधी गांध 24 तासांत त्या जागेवरून जाते. तिथेच राहिली, खाजण्यापेक्षा दुखली किंवा जाताना निळसर डाग ठेवून गेली, तर तो वेगळा आजार असतो आणि त्वचातज्ज्ञांनी लवकर बघायला हवा.

चौदा दिवसांत काडीचाही फरक नाही? मग हिस्टामीनचा आहार तिथेच संपवा. महिनाभर ओढण्यात काही हाशील नाही, तुमचा त्रास ताटातला नाही. फरक स्पष्ट असेल तर पंधराव्या दिवसापासून एकेक पदार्थ परत आणायचा, तीन दिवसांत एकच. पहिल्या दिवशी थोडा, दुसऱ्या दिवशी नेहमीइतका, तिसरा दिवस रिकामा. सुरुवात रात्री विरजलेल्या, सकाळी खाल्लेल्या गोड दह्याने करा, अर्धी वाटी. मग टोमॅटो, मग वांगं, पालक, मग एक डोसा (पीठ आदल्या रात्रीचं, चार दिवस फ्रीजमध्ये आंबत राहिलेलं नव्हे), मग पापलेट, आणि सगळ्यात शेवटी बांगड्याचा एक तुकडा. सर्दी-ताप, पाळीचे दिवस किंवा पाठीची गोळी घेतलेला दिवस या चाचणीसाठी धरू नका. इथे बहुतेकांना असं आढळतं की पूर्ण बंद करावं लागतं ते फार थोडं. बाकी सगळं ताजं असलं आणि एकाच दिवशी ढीग झाला नाही की चालतं. डोसा, टोमॅटोची चटणी आणि वर ताक अशी न्याहारी बाधेल, नारळाच्या चटणीबरोबर एक डोसा बाधणार नाही.

आता उपाय. सासूबाईंचं आमसुलाचं पाणी ठेवा. पाच-सहा आमसुलं पेलाभर गार पाण्यात अर्धा तास भिजवा, कुस्करा, गाळा, कापसाने गांधींवर लावा, पंधरा मिनिटांनी धुवा. खाजवून सोललेल्या जागी लावू नका, आंबट असल्याने झोंबेल. कपड्यांना डाग पडतात, जुनी साडी नेसा. त्याने हिस्टामीन उतरतं असा पुरावा नाही, पण गारव्याने खाज खरोखर कमी होते, आणि रात्री दोनला तेवढंही पुष्कळ असतं. नुसत्या गार पाण्याची पट्टीही तेच काम करते. अपवाद एकच : गार पाण्याने, वाऱ्याने किंवा बर्फाने ज्यांच्या अंगावर गांधी येतात त्यांनी हा उपाय करू नये, आणि गार पाण्यात पोहायला तर अजिबात उतरू नये.

नाक गळण्यासाठी मिठाचं पाणी उत्तम. अर्धा लिटर पाणी खळखळून उकळा, एक मिनिट तसंच उकळू द्या, झाकून कोमट होऊ द्या, त्यात पाऊण चहाचा चमचा साधं मीठ. नेतीपात्राने दोन्ही नाकपुड्या धुवा. नळाचं न उकळलेलं पाणी नाकात घालायचं नाही, त्यातून मेंदूपर्यंत जाणारा अमीबाचा संसर्ग क्वचित होतो, पण झाला तर बहुधा जिवावर बेततो. भांडं रोज धुऊन कोरडं ठेवा.

मैत्रिणीचे दोन्ही उपाय बंद करा. ॲपल सायडर व्हिनेगर म्हणजे आंबवलेला रस, ज्या गोष्टीचा संशय आहे तीच चमच्याने पोटात घालण्यासारखं आहे. गुळवेलीबद्दल जास्त गांभीर्याने सांगते. 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला झालेल्या इजेची नोंद प्रसिद्ध केली, त्यानंतर देशातल्या इतर केंद्रांतूनही तशा नोंदी आल्या. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, दुसऱ्या जातीची वेल वापरली गेली असेल असं म्हटलं. पण घरी आणलेली वेल नेमकी कोणती, हे तुम्ही-मी ओळखणार नाही. तुम्ही आधी घेतली असेल तर एकदा यकृताची तपासणी करा, आणि वैद्यांकडे जाणार असाल तर चालू असलेल्या सगळ्या गोळ्या त्यांना सांगा. काढ्यात रोज भरपूर ज्येष्ठमध पडत असेल तर तेही थांबवा, त्याने रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरतं.

क जीवनसत्त्वासाठी रोज एक पेरू पुरे. 100 ग्रॅम पेरूत ते साधारण 200 मिलिग्रॅम असतं. मोठ्या डोसच्या गोळ्यांनी जुलाब होतात आणि मुतखड्याचा धोका वाढतो. बाजारात मिळणाऱ्या डीएओच्या कॅप्सूल महाग आहेत, बहुतेक डुकराच्या मूत्रपिंडापासून काढलेल्या असतात, आणि त्यांच्यावरचे अभ्यास लहान आहेत. आहाराचा निकाल स्पष्ट आल्याशिवाय त्यांकडे वळूच नका.

सेट्रिझिनची भीती बाळगू नका. तिची नशा किंवा चटक लागत नाही. सहा आठवड्यांहून जास्त काळ पित्त उठत असेल तर त्याला जुनाट अर्टिकारिया म्हणतात, आणि मोठ्या माणसांत त्याचं कारण बहुतेक वेळा अन्न नसतंच. त्यात गोळी त्रास झाल्यावर घेण्याऐवजी रोज ठरल्या वेळी घेतली तर चांगली लागू पडते, आणि एका गोळीने भागलं नाही तर डॉक्टर ती चौपटीपर्यंत वाढवू शकतात. वाढवणं मात्र त्यांच्याच हाती. झोप येत असेल तर रात्री घ्या, गाडी चालवत असाल तर फेक्सोफेनाडिन किंवा बिलास्टिनबद्दल विचारा. अनेक महिने रोज घेऊन एकदम बंद केली तर काहींना अंगभर जोराची खाज सुटते, म्हणून थांबवतानाही डॉक्टरांना विचारून.

चौदा दिवस झाले की वही, फोटो आणि गोळ्यांची पाकिटं घेऊन ॲलर्जी किंवा त्वचेच्या डॉक्टरांची वेळ घ्या. त्वचेवरची टोचून करायची चाचणी करणार असतील तर सेट्रिझिन साधारण आठवडाभर आधी थांबवावी लागते, नाहीतर चाचणी खोटीच नकारात्मक येते. वेळ घेतानाच हे विचारून ठेवा. आणि मधल्या काळात मोठा झटका येऊन दवाखान्यात जावं लागलंच, तर एक ते चार तासांच्या आत ट्रिप्टेजसाठी (ॲलर्जीच्या झटक्यात रक्तात वाढणारं एक एन्झाइम) रक्त घेता येईल का, असं तिथे विचारा. ते वाढलेलं आलं तर झटका खऱ्या ॲलर्जीचा असल्याला बळ मिळतं, माशातल्या हिस्टामीनने झालेल्या त्रासात ते सहसा वाढत नाही.